सम्राटाची बोली

रात्री दहानंतर वसतिगृहात निजानीज होते. अशा वेळी शेजारच्या कॉटवरून कुणी घसा खाकरल्यासारखे, मध्येच जीभ टाळ्यावर आपटल्यासारखे आवाज काढू लागले, तर माणसाने काय समजावे? माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने पहिल्या रात्री मला आले घालून चहा करून दिला. दुसऱ्या रात्री ती म्हणाली, "उद्या डॉक्टरांकडे जाऊन ये." तिसऱ्या रात्री मात्र मला खरे ते सांगावेच लागले.

"मला काही झालेलं नाही गं. मी क्लिंगॉन शिकतेय."

"कुठली भाषा ही?"

"कुठलीच नाही."

तिने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतले. माझ्या खोकल्यापेक्षा हे उत्तर तिला अधिक काळजीचे वाटले असावे.

क्लिंगॉन ही 'स्टार ट्रेक' या अमेरिकन अंतराळकथेतील एका लढवय्या जमातीची भाषा. १९६६ साली ती मालिका दूरचित्रवाणीवर सुरू झाली. तिच्यात पुढे ही जमात आली खरी, पण तेव्हा हे परग्रहवासी सरळ इंग्रजीच बोलत. १९७९ सालच्या चित्रपटात त्यांच्या तोंडी प्रथमच चार परके शब्द आले. ते जेम्स डूहान या नटाने रचून दिले होते. १९८४ सालच्या तिसऱ्या चित्रपटासाठी मात्र मार्क ओक्रँड या भाषावैज्ञानिकाला बोलावणे गेले. त्याने त्या चार शब्दांच्या पायावर आख्खी भाषाच उभी केली. तिला वर्ण दिले, व्याकरण दिले आणि १९८५ साली तिचा कोशही छापला. त्या कोशाची १९९२ सालची वाढीव आवृत्ती मला रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात पन्नास रुपयांना मिळाली.

पण ढिगात तर पुष्कळच पुस्तके होती. मी नेमके हेच का उचलले, हे सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल.

प्रथम वर्षाला असताना मी एका वक्तृत्व स्पर्धेत भाग घेतला होता. विषय होता पाणी. आमचा गाव दुष्काळी पट्ट्यातला. टँकर कधी येतो, हंड्यांची रांग कुठवर जाते, विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी कसे भरतात, यातले काहीही मला पुस्तकातून वाचावे लागले नव्हते. त्या सभागृहात या विषयावर बोलण्याचा अधिकार असलाच तर तो माझाच होता, असे मला वाटत होते. मी उभी राहिले आणि म्हणाले, "पानी म्हंजे जीवन."

मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच 'पानी' म्हणाले. मग दुसऱ्याने म्हटले. मला वाटले, विषय त्यांच्या मनाला भिडतो आहे. मी आणखी आवेशाने बोलू लागले. चौथ्या की पाचव्या 'पानी'ला एक विद्यार्थी पाण्याचा पेला घेऊन व्यासपीठावर आला आणि मोठ्या अदबीने त्याने तो माझ्यापुढे धरला. सारे सभागृह हसले. परीक्षकही हसले. मी तो पेला घेतला, पाणी प्याले आणि खाली उतरले. भाषण माझे निम्मेच झाले होते.

त्या दिवसापासून मी 'ण'च्या मागे लागले. पण धास्ती अशी बसली की 'ण' आठवताना वाक्य विसरायचे आणि वाक्य आठवताना 'ण' निसटायचा. शेवटी मी वर्गात बोलणेच सोडून दिले.

आणि याहून वाईट गोष्ट पुढे घडली. एका संध्याकाळी आईचा फोन आला. खोलीत तीन-चार मुली बसलेल्या. आईचा आवाज मुळात मोठा. रानातून हाक मारायची सवय. ती सांगत होती, "आज पानी आलं बग. टाकी भरून ठिवली." मुली ऐकत होत्या. मी घाईघाईने म्हणाले, "आई, पानी नव्हे गं. पाणी!"

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग ती म्हणाली, "बरं बाई."

त्यानंतर तिचे फोन आखूड झाले. "बरी हाईस का? जेवलीस का? ठिवते." रानातल्या, भावकीतल्या, शेळीच्या करडांच्या गोष्टी बंद झाल्या. मला ते कळत होते, पण ते मी केले आहे हे स्वतःशी कबूल करायला मी तयार नव्हते.

अशा दिवसांत ते पुस्तक हाती आले. ज्या भाषेत जन्मलेला एकही माणूस पृथ्वीवर नाही, ती भाषा शिकताना आपल्याला हसणार कोण? इथे सगळेच परके, सगळेच शिकाऊ. मला असेच घर हवे होते.

व्याकरणाने मला पहिल्या आठवड्यातच जिंकले. (क्लिंगॉनचे काही वर्ण देवनागरीत बसत नाहीत. जवळात जवळ जाणारे अक्षर घेऊन लिहिते आहे.) 'षोष' म्हणजे आई, 'पुक' म्हणजे मूल आणि 'लेघ' म्हणजे पाहणे. 'मूल आईला पाहते' हे क्लिंगॉनमध्ये होते 'षोष लेघ पुक'. आधी कर्म, मग क्रियापद आणि कर्ता सर्वांत शेवटी. शब्द फिरवून 'पुक लेघ षोष' म्हटले, की आई मुलाला पाहू लागते. कर्ता आणि कर्म ओळखायला विभक्तीचा प्रत्यय नाही. जो तो आपल्या जागेवरून ओळखायचा. जगातल्या फार थोड्या भाषांत हा क्रम आढळतो. इंग्रजी बोलणाऱ्याला तो परका वाटावा म्हणून ओक्रँडने मुद्दाम निवडला. मला मात्र त्यात परके काही वाटले नाही. "भाकरी खाल्ली का पोरानं?" असे आमच्याकडे रोजच विचारतात.

'तू' आणि 'मी' यांना तर वेगळे उभे राहावेच लागत नाही. 'कालेघ' या एका शब्दात 'मी तुला पाहते' हे सगळे येते. आरंभीच्या 'का'मध्ये मीही आहे आणि तूही आहेस. क्रियापदाच्या मागे लागणाऱ्या प्रत्ययांचे नऊ वर्ग आहेत आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे; पंगतीत कुणी कुणाच्या शेजारी बसायचे ते ठरलेले असावे तसा. प्रश्न विचारायचा तर शेवटी 'आ' जोडायचा. 'त्लिंगान खोल डाजात्ल-आ?' म्हणजे 'क्लिंगॉन भाषा बोलतेस का?' आपला 'का' जिथे बसतो तिथेच त्यांचा 'आ' बसतो. शब्दाखाली शब्द मांडून पाहा, मराठी वाक्याला कुठे धक्काही लागत नाही.

अनेकवचनाचे प्रत्यय तीन. अवयवांना 'डु', सर्वसाधारण वस्तूंना 'मेय' आणि ज्यांना भाषा येते अशा जिवांना 'पु'. म्हणजे पुस्तके 'पाकमेय', पण मुले 'पुकपु'. हा नियम वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. भाषा येणारे कोण आणि न येणारे कोण, हे त्यांच्या व्याकरणातच ठरून गेलेले. मनात आले, त्या दिवशी त्या सभागृहाने मला कोणता प्रत्यय लावला असता?

महिन्याभरात मी छोटी छोटी वाक्ये न अडखळता लिहू लागले. आपल्याला क्लिंगॉन येते, असा माझा समज झाला. तो ध्वनिमुद्रणांनी पार धुळीला मिळवला.

१९९२ सालीच 'कन्व्हर्सेशनल क्लिंगॉन' नावाची एक ध्वनिफीत निघाली होती आणि पुढच्या वर्षी 'पॉवर क्लिंगॉन'. पहिल्या फितीत वॉर्फ या क्लिंगॉन पात्राची भूमिका करणारा नट मायकेल डॉर्न इंग्रजीत समजावून सांगतो आणि क्लिंगॉन वाक्ये स्वतः ओक्रँड म्हणतो. मी कानाला फोन लावला आणि ऐकू लागले. एक अक्षरही कळेना! वाक्ये माझ्या ओळखीचीच असणार, पण कागदावर शिस्तीत उभे असलेले ते शब्द इथे जत्रेतल्या गर्दीसारखे एकमेकांच्या अंगावर पडत होते.

मग मी व्याकरण बाजूला ठेवले आणि नुसती ऐकत बसू लागले. एकच वाक्य तीस वेळा, चाळीस वेळा. मग ते स्वतः म्हणायचे, फोनवर मुद्रित करायचे आणि दोन्ही आवाज एकापाठोपाठ एक लावून पाहायचे. माझा स्वतःचा आवाज मी असा लक्षपूर्वक प्रथमच ऐकत होते.

क्लिंगॉनमध्ये एकवीस व्यंजने आणि पाच स्वर. आपला साधा 'क' त्यांच्यात नाही. त्याऐवजी पडजिभेपाशी उच्चारायचे दोन वर्ण आहेत, एक साधा आणि एक खरखरीत. साध्या वर्णाने 'काम' म्हटले तर अर्थ 'पाय', खरखरीत वर्णाने म्हटले तर 'उभे राहणे'. पहिले पंधरा दिवस मला दोन्ही सारखेच ऐकू येत. आपल्या एका 'व'चेही त्यांच्याकडे दोन आहेत. एकाला दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्याला नुसते ओठ गोल होतात. पहिल्याने 'जाव' म्हणजे सहा, दुसऱ्याने 'जाव' म्हणजे गप्पा मारणे. मी आजवर हे दोन्ही 'व' बिनदिक्कत एकच मानत आले होते. त्यातून एक गोष्ट ध्यानात आली. जिभेची चूक ही बहुधा आधी कानाची चूक असते. जो भेद कानाने कधी ऐकलाच नाही, तो जीभ कुठून आणणार? आणि कानाला तो भेद ऐकू येत नाही, याचे कारण एवढेच की ज्या घरात तो वाढला तिथे त्या भेदाची गरज कुणाला पडली नव्हती.

काही वर्ण मात्र आमच्याच घरचे निघाले. त्यांच्याकडे दंत्य 'द' नाही, 'ड' आहे. जीभ टाळूकडे वळवून तो कसा म्हणावा हे इंग्रजी वाचकाला समजावून सांगावे लागते, आपल्याला नाही. तसाच 'ष'. त्यांच्याकडे 'स' नाही, 'श'ही नाही, फक्त 'ष' आहे. षटकोनातला 'ष' मी पहिलीपासून लिहीत आले, पण उच्चारताना सगळेच त्याचा 'श' करतात. जीभ मागे वळवून खरा मूर्धन्य 'ष' मी प्रथम म्हटला तो क्लिंगॉन आईसाठी, 'षोष' म्हणताना.

आणि एका रात्री गंमत झाली. 'ड' घोटत होते. जीभ वर टेकलेली तशीच ठेवून मी सहज आवाज नाकातून सोडला. 'ण'! पुन्हा सोडला. पुन्हा 'ण'! ज्याने मला व्यासपीठावरून खाली उतरवले, वर्षभर मुकी केली, तो वर्ण म्हणजे जिभेची एवढीशी उलटापालट होती. त्यात शुद्धता नव्हती, संस्कार नव्हते, बुद्धी तर नव्हतीच.

अंथरुणात उठून बसले आणि मला त्या सभागृहाची आठवण झाली. 'पाणी' शुद्ध म्हणणारे ते सगळेजण 'षटकोन' मात्र 'शटकोन'च म्हणत असणार. पण त्याबद्दल त्यांना कुणी कधी पेला आणून दिला नसेल. असे का? त्यांची चूक ती चूक नाही आणि माझी तेवढी चूक, हे कोणी ठरवले?

याचे उत्तर माझ्या उशाशीच पडून होते. प्रस्तावना सोडून पुस्तक वाचायचे, ही आम्हा विद्यार्थ्यांची जुनी सवय. त्या कोशाची प्रस्तावना मी अखेर वाचली. ओक्रँडने तिथे लिहून ठेवले आहे, की क्लिंगॉन भाषेच्या पुष्कळ बोली आहेत. त्यांपैकी सिंहासनावर बसलेल्या सम्राटाची जी बोली, तीच प्रमाण. सम्राट बदलला की प्रमाण भाषाही बदलते. ज्याला ती बोली येत नाही त्याला एकतर मूर्ख समजतात किंवा राजद्रोही, आणि इतरांना नकोशी वाटणारी कामे त्याच्या वाट्याला येतात. १९९७ साली आलेल्या त्याच्या दुसऱ्या पुस्तकात तर या बोलींचे सविस्तर वर्णनच आहे. क्रोटमाग नावाच्या प्रदेशातले लोक 'ब'च्या जागी 'म' म्हणतात आणि 'ड'च्या जागी चक्क 'ण'सारखा वर्ण!

मला हसू आवरेना. माझ्याकडे नसलेला 'ण' तिथे खेडवळ ठरलेला. उद्या क्रोटमागचा कुणी सम्राट झाला तर रातोरात तोच 'ण' शुद्ध आणि दरबारचा 'ड' अडाणी. आणि माझ्या नावात एक 'स' आहे. खुद्द सम्राटालाही ते नाव नीट घेता यायचे नाही. त्याला पाण्याचा पेला कोण देणार?

या भाषेच्या इतिहासात आणखी एक गोष्ट आहे. चित्रीकरणाच्या वेळी नटांच्या हातून वाक्ये चुकत. चुकलेले वाक्य चित्रपटात तसेच राहिले, तर ओक्रँड त्या चुकीला जागा करून देण्यासाठी भाषेतच फेरफार करी. पडद्यावरच्या माणसाची चूक नियम होऊन बसे. म्हणजे चूक आणि नियम यांत व्याकरणाचे अंतर फार थोडे; माणूस कुठे उभा आहे, याचेच अंतर अधिक.

कुणी म्हणेल, एका खोट्या भाषेवरून खरे निष्कर्ष कसले काढता? पण ती रचणारा माणूस खऱ्या भाषांतून आलेला होता. १९७७ साली बर्कलेच्या विद्यापीठात त्याने प्रबंध लिहिला तो मुत्सुन भाषेच्या व्याकरणावर. ही कॅलिफोर्नियातील मूळ रहिवाशांची भाषा. गोऱ्यांच्या राज्यात ती घराघरांतून विझत गेली. ती जाणणारी अखेरची वृद्धा १९३० साली वारली. तिच्या शेवटच्या दिवसांत जॉन हॅरिंग्टन नावाच्या अभ्यासकाने तिच्यापाशी बसून भाषा टिपून घेतली होती. त्या आणि त्याहून जुन्या टिपणांवरून ओक्रँडने व्याकरण जुळवले. आज त्या समाजातली माणसे अशा कागदांवरून आपल्याच पूर्वजांची बोली पुन्हा शिकत आहेत. जी भाषा आता कुणीच बोलत नव्हते तिचे व्याकरण आधी, आणि जी कुणी कधीच बोलले नव्हते तिचे नंतर, असा या माणसाचा प्रवास.

हे वाचून झाले आणि माझे मन चरकले. अशुद्ध बोलल्यामुळे भाषा मरत नाही. घरातले माणूस बोलायचे थांबते, तेव्हा ती मरू लागते. आणि आमच्या घरातले एक माणूस मीच थांबवले होते.

दिवाळीच्या सुटीत घरी गेले. आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि जपून जपून म्हणाली, "किती वाळलीस गं. तुझ्याबिगर मण लागत नव्हतं."

मण! मन नव्हे, मण. मी जागच्या जागी थिजले. एवढे महिने ही बाई रानात, चुलीपुढे, एकटीच 'ण' घोटत होती. माझ्या मैत्रिणींपुढे माझी मान खाली जाऊ नये म्हणून. आणि कुठे 'ण' लावायचा आणि कुठे नाही, हे सांगायला तिच्याजवळ कोश नव्हता, ध्वनिफीत नव्हती. काय बोलावे ते मला सुचेना.

रात्री जेवणे झाल्यावर मी सरावासाठी फोन लावला. ओक्रँडचा तो खरखरीत आवाज ओसरीवर घुमला. आई भांडी घासता घासता थांबली.

"ह्ये कोन गं? कुनाशी भांडतंय?"

"भांडत नाही. नमस्कार करतंय. त्यांच्यात असाच करतात. माणूस भेटलं की 'नुकनेख' म्हणायचं."

"म्हंजी?"

"म्हणजे, काय पाहिजे?"

आईच्या हातातले भांडे खाली पडले. ती पदर तोंडाला लावून हसू लागली. "आगं, मग ह्यो तर आपला किराणा दुकानवालाच की! कवाबी जा, 'काय पायजे' म्हनून खेकसतंय!"

मीही हसू लागले. हसता हसता ती म्हणत होती, म्हनतंय, भांडतंय, कोन, कुनाशी, आणि एकाही शब्दापाशी अडत नव्हती. मी फोन बंद केला.

"आये," मी म्हणाले, "पानी दे गं."

तिने माझ्याकडे पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले. मग उठून माठातून तांब्या भरून आणला आणि माझ्याजवळ बसली. म्हणाली, "औंदा पानी लवकर आटनार बग. हिरीला आत्ताच तळ दिसाय लागलाय..."

ती बोलत होती आणि मी ऐकत होते. एकेक वर्ण, कान देऊन.